पाटणच्या मठाचे तेल

जुन्या स्थळांचे वर्णन करू लागले म्हणजे आपली लेखणी सहजच देवळाकडे वळते. शिखराची उंची, गाभाऱ्याची लांबीरुंदी, द्वारशाखेवरील मूर्ती यांची नोंद आपण काळजीपूर्वक करतो. परंतु गावाच्या एखाद्या कोपऱ्यात जमिनीत अर्धे रुतून पडलेले दगडी उखळ पाहिले तर त्याला वळसा घालून पुढे जातो. ते उखळ देवाचे नसते, राजाचे नसते, आणि त्यावर अक्षरही कोरलेले नसते. तथापि देवापुढील दिवा ज्या तेलावर जळला आणि ज्या दिव्याच्या उजेडात पोथी वाचली गेली, ते तेल अशाच एखाद्या उखळातून निघाले होते. पूजेच्या आणि विद्येच्या इतिहासात घाण्याचे स्थान कोणते, या प्रश्नाचा विचार खानदेशातील एका शिलालेखाच्या आधाराने या ठिकाणी करावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दांचाच विचार करू. 'तेल' हा शब्द तिळापासून आला. 'तैल' म्हणजे तिळाचे ते. पुढे हा अर्थ इतका पसरला की, खोबऱ्याचे, करडईचे, एरंडाचे, अगदी जमिनीतून निघणारे खनिज द्रव्यदेखील 'तेल'च झाले. युरोपातही हीच गोष्ट घडली आहे, मात्र तेथे तिळाच्या जागी जैतुनाचे फळ आहे. ग्रीक लोक जैतुनाच्या झाडास 'एलाइआ' म्हणत आणि त्याच्या रसास 'एलाइऑन'. त्यापासून लॅटिनमध्ये 'ओलेउम' झाला, व त्याच शब्दाची लेकरे आज इंग्रजी, फ्रेंच, जर्मन वगैरे भाषांत तेलाच्या अर्थाने नांदत आहेत. भूमध्यसमुद्राच्या काठी जैतून आणि आपल्याकडे तीळ, अशी दोन तेलांची दोन जगे प्राचीन काळी होती, हे या दोन शब्दांवरून उघड दिसते.

त्या पहिल्या जगाचा एक उत्तम नमुना म्हणजे गालील सरोवराच्या वायव्य काठावरील कफर्णहूम हे गाव होय. येशू ख्रिस्ताने आपल्या कार्यासाठी हे गाव निवडले होते, असे शुभवर्तमानांत सांगितले आहे. पुढे ते ओस पडले. १८९४ साली फ्रान्सिस्कन साधूंनी तेथील जमीन विकत घेतली, आणि १९६८ पासून कोर्बो व लोफ्रेदा या दोघा विद्वान साधूंनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले. काळ्या दगडाची लहान घरे, त्यांपैकी एका घराभोवती आदिकालीन ख्रिस्ती लोकांनी राखलेली पूजेची जागा, आणि त्यावर पाचव्या शतकात बांधलेले अष्टकोनी प्रार्थनामंदिर, असे थरावर थर तेथे सापडले. हे घर पेत्राचे, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. जवळच यहुदी लोकांचे पांढऱ्या चुनखडी दगडाचे सभास्थान उभे आहे. आणि या दोन पवित्र वास्तूंच्या सान्निध्यात, तितक्याच आस्थेने जतन करून ठेवलेली, त्या गावची दगडी जाती व जैतुनाचे घाणे आहेत. हे घाणे ज्या दगडाचे आहेत तो दगड आमच्या वाचकांस परका वाटणार नाही. तो ज्वालामुखीचा काळा बेसाल्ट होय, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या व सातमाळ्याच्या काळ्या पाषाणाचाच सगोत्री.

जैतुनाचा घाणा मात्र आपल्या तेल्याच्या घाण्यासारखा नसतो. महाराष्ट्रातील किल्ल्यांवर चुना मळण्यासाठी जो घाणा असे, त्याच्याशी त्याचे साम्य अधिक आहे. वर्तुळाकार दगडी कुंड, आणि त्यात उभे फिरणारे जड चाक, अशी त्याची रचना. फळे त्यात चिरडून लगदा झाला की, तो विणलेल्या चपट्या टोपल्यांत भरीत. त्या टोपल्यांची चळत रचून तिच्यावर एक लांब तुळई आडवी घालीत, व तुळईच्या टोकाला दगड लोंबकळत ठेवून भार देत. पुढेपुढे तुळईऐवजी मळसूत्राचा उपयोग होऊ लागला. खालच्या खड्ड्यात जो रस गळे त्यात तेल आणि फळाचे पाणी अशी दोन्ही असत. तेल वर तरंगले म्हणजे ते काढून घेत. सारांश, चिरडणे, दाबणे आणि निवळणे ही तीन कामे तेथे तीन ठिकाणी होत.

आपल्या घाण्यात पहिली दोन कामे एकाच जागी होतात. दगडाची किंवा लाकडाची खोल उखळी जमिनीत पुरलेली असते. तीत जड लाट तिरपी उभी केलेली असते. ती लाट आडव्या लाकडास जोडून बैल तिच्याभोवती फिरवितात. लाट उखळीच्या अंगाशी घासत फिरली म्हणजे दाणा भरडतो आणि त्याच दाबाने तेलही सुटते. मधूनमधून पाण्याचा शिडकावा देत राहावे लागते, नाहीतर पेंड नीट बांधली जात नाही आणि तेल तिच्यातच अडकून राहते. हा भेद कारागिरांच्या लहरीमुळे पडलेला नाही. जैतून हे रसाळ फळ आहे. त्यात तेलापेक्षा पाणी पुष्कळ अधिक, शिवाय मधे कठीण आठोळी. तीळ हे कोरडे बी आहे. त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा. फळासाठी चाक आणि तुळई, बियांसाठी उखळ आणि लाट, अशी ही सरळ वाटणी आहे.

जैतुनाच्या जगात तेलाचा धर्माशी किती निकट संबंध होता हे दोन नावांवरून कळते. 'ख्रिस्त' या ग्रीक शब्दाचा अर्थ ज्याला तेलाचा अभिषेक झाला आहे तो. आणि ज्या बागेत येशूस पकडण्यात आले त्या 'गेथशेमाने' या नावाचा अर्थच तेलाचा घाणा. देवाच्या पुत्राची पदवी आणि त्याच्या अखेरच्या रात्रीची जागा, दोन्ही नावे तेलावरून पडलेली आहेत. त्या जगाचा एक धागा महाराष्ट्रातही येऊन पोहोचला आहे. कुलाब्याच्या किनाऱ्यावर, नवगावाजवळ, आपले पूर्वज गलबत फुटून उतरले अशी बेने इस्राएल लोकांची परंपरा आहे. कोकणात त्यांनी तेल गाळण्याचा धंदा धरला. आणि शब्बाथ पाळून शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांस 'शनवार तेली' हे नाव दिले. ते कोण, कोठले, त्यांचा ग्रंथ कोणता, हे शेजाऱ्यांस ठाऊक नव्हते. घाणा कोणत्या वारी थांबतो एवढे मात्र ठाऊक होते. धर्माची ओळख पटली ती धंद्याच्या सुट्टीवरून!

आता आपण खानदेशाकडे वळू. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगराच्या कुशीत, पाटणे म्हणून गाव आहे. पाटणादेवीच्या दर्शनास खानदेशातून हजारो लोक तेथे जातात. मनुष्यवस्तीची खूण येथे फार जुनी सापडते. डॉ. साळी यांनी १९७२-७३ च्या सुमारास येथे केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेखाकृती कोरलेला एक तुकडा मिळाला. हा काळ आजपासून सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा मानतात. याच डोंगराच्या माथ्यावर, आता छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडणारी, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. ती ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात कोरण्यास आरंभ झाला. तेथील लेखांत दान देणारा पैठणचा गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, मितदेव याचे नाव आहे, आणि एका यक्षमूर्तीवर ती घडविणाऱ्या कण्हदास सोनाराचे. पैठण व तेर येथून भडोचच्या बंदराकडे गाड्यांनी माल जात असे, असे पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासग्रंथात म्हटले आहे. आणि त्या बाजूच्या मुलखातून जे जिन्नस परदेशी जात त्यांत कापूस, तांदूळ व तूप यांच्याबरोबर तिळाचे तेलही त्याने नोंदले आहे. पितळखोऱ्याची लेणी याच व्यापारी वाटेच्या अनुरोधाने झाली असावीत, असे विद्वानांचे मत आहे. तात्पर्य, व्यापारी, कारागीर आणि धर्मस्थान यांची सांगड या डोंगरात दोन हजार वर्षांची जुनी आहे.

पाटणचा वैभवकाळ मात्र बाराव्या-तेराव्या शतकांतला. देवगिरीच्या यादवांचे मांडलिक असलेले निकुंभ कुळातील राजे त्या वेळी खानदेशातील सोळाशे गावांवर राज्य करीत. इंद्रराज या निकुंभ राजाने आरंभिलेले महादेवाचे देऊळ त्याच्या पुत्राच्या काळी पुरे झाले. शके १०७५ चा लेख त्याची साक्ष देतो. उंच जोत्यावरचे हे देऊळ अद्याप उभे आहे. परंतु आपल्या विषयाचा लेख तो नव्हे. तो देवीच्या देवळात सापडला. तो प्रथम उजेडात आणण्याचे श्रेय डॉ. भाऊ दाजी लाड यांस आहे. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८६५ साली भारतीय ज्योतिषांच्या कालनिर्णयावर त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात या लेखाची माहिती आहे. पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडिताने 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात त्याचे साक्षेपाने संपादन केले.

लेखाचा मोठा भाग संस्कृत श्लोकांत आहे. त्यात 'सिद्धांतशिरोमणि'कार भास्कराचार्य यांच्या घराण्याची वंशावळ दिली आहे. त्रिविक्रम, त्याचा पुत्र भोजराजाकडून विद्यापति ही पदवी मिळविलेला भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि महेश्वराचा पुत्र प्रख्यात भास्कराचार्य. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर. यादव राजा जैत्रपाल याने त्याला या नगरातून बोलावून नेऊन आपल्या पदरच्या पंडितांत अग्रस्थान दिले. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. या चांगदेवाने, आजोबांचे व घराण्यातील इतरांचे ग्रंथ लोकांनी शिकावेत म्हणून पाटण येथे मठ स्थापिला. आणि त्या मठास निकुंभ राजा सोइदेव व त्याचा धाकटा भाऊ हेमाडिदेव यांनी उत्पन्ने लावून दिली. भास्कराचार्यांनी स्वतः आपले गाव सह्याद्रीजवळचे 'विज्जडवीड' म्हणून सांगितले आहे. ते पाटणच की दुसरे एखादे, यावर पुष्कळ वाद झाला आहे. आम्हांस येथे त्या वादात शिरण्याचे कारण नाही. त्यांचे ग्रंथ त्यांच्या मागून पाटण येथे शिकविले जात होते, एवढे या लेखाने निर्विवाद ठरते. याच घराण्यातील अनंतदेवाचा शके ११४४ चा लेख गिरणेकाठच्या बहाळ येथे आहे. तोही सिंघणाचा ज्योतिषी होता. अर्थात चाळीसगावच्या परिसरात हे विद्याकुल चांगले रुजले होते.

दानाचा दिवस श्रावणी पौर्णिमेचा, चंद्रग्रहणाचा. लेखात शके ११२८ हे वर्ष आणि प्रभव संवत्सर दिले असून कीलहॉर्न यांनी तो दिवस ९ ऑगस्ट १२०७ असा गणिताने काढला. ग्रहणाचे गणित ज्या ग्रंथात शिकवावयाचे त्याच ग्रंथाच्या मठास ग्रहणाच्या वेळी दान मिळावे, हा योग मोठा मार्मिक आहे. दानाच्या तपशिलापाशी आले की, लेखाची भाषा बदलते. वंशावळ संस्कृतात, देणे-घेणे मराठीत. त्या काळची तारीखवार मराठी आपणांस फार थोड्या ठिकाणी वाचावयास मिळते, म्हणून भाषाशास्त्रज्ञांस हा भाग अमोल वाटतो. पण तो मराठीत का लिहिला गेला, याचे कारण साधे आहे. श्लोक पंडितांसाठी होते. उत्पन्न बाजारातून यावयाचे होते. आणि बाजाराला जी भाषा कळते तीत ते लिहिणे प्राप्त होते.

हे उत्पन्न काय होते? पाटणच्या पेठेत जो माल येऊन उघडला जाई, त्यावर ग्राहकांकडून राजास मिळणारा हक्क राजाने मठास दिला. ब्राह्मणांनी आपला विक्रीवरील हक्क दिला. नगराने, म्हणजे पेठेतील प्रमुखांच्या समुदायाने, ग्राहकांकडून दामाचा विसावा भाग देऊ केला. ग्राहकाकडून पाच पोफळी. जे जे मापावयाचे ते मठाच्या मापाने मापावे, आणि मापाईचे अर्धे मठास, अर्धे मापाऱ्यास. शिवाय चतुःसीमा ठरवून दिलेली जमीन. आणि या यादीतच असे कलम आहे की, गावात जितके घाणे चालतील, त्या प्रत्येक घाण्यामागे एक एक पळी तेल मठास द्यावे.

वाचकांस ही यादी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. सुपारी, पळीभर तेल, मापाईचा निम्मा वाटा, यांत राजवैभव ते कोठले? परंतु मठाचा नित्यक्रम डोळ्यांसमोर आणला म्हणजे यातील एकही बाब व्यर्थ वाटत नाही. विद्यार्थी ज्योतिषाचे, त्यांचे अर्धे काम रात्रीचे. आकाशातील वेध अंधारात घ्यावयाचे, पण वेधाचे आकडे मांडावयाचे आणि पोथीशी ताडून पाहावयाचे ते दिव्यापाशी. तेल नसेल तर त्या मठात सूर्यास्ताबरोबर शास्त्रही मावळावयाचे. एका घाण्याच्या पळीने फारसे काही होत नाही, हे खरे. परंतु गावात घाणे जितके अधिक, तितके मठाचे दिवे अधिक. पेठ वाढली तर मठाचे उत्पन्न वाढावे आणि पेठ बसली तर मठानेही पोटास चिमटा घ्यावा, अशी ही व्यवस्था होती. राजाने एकदा थैली देऊन मोकळे होण्यापेक्षा ती अधिक दूरदृष्टीची म्हटली पाहिजे.

मापासंबंधीचे कलम तर विशेष चिंतनीय आहे. 'लीलावती'चा आरंभ परिभाषांनी होतो. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क, आणि पुढे सोन्याच्या, धान्याच्या व लांबीच्या मापांची कोष्टके. मठातील मुलांनी द्रम्माचे कोष्टक पाठ करावे, आणि मठाबाहेर पेठेत त्याच द्रम्माचा, म्हणजे दामाचा, विसावा भाग मठाच्या नावे जमा व्हावा. मुलांनी मापांची गणिते सोडवावीत आणि गावाने मठाच्याच मापाने धान्य मापावे! विद्येचे घर हे मापाचेही घर झाले. माप खरे राखण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे द्यावी असे लोक गावास मठात दिसले असले पाहिजेत, आणि मठासही गावाच्या व्यवहारात पाय रोवून उभे राहण्यात कमीपणा वाटला नाही.

येथपर्यंत सर्व ठीक आहे. परंतु या लेखात एक माणूस नाही, आणि तो तेली होय. पंडितांची नावे आहेत, राजांची आहेत. घाणे मोजले आहेत, पण घाणेवाल्याचे नाव नाही. हे स्वाभाविकच असे कोणी म्हणेल; कराच्या यादीत करदात्यांची नावे कोण लिहितो? हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. पण इतर काही लेख शेजारी ठेवून पाहिले म्हणजे ही अनुपस्थिती अधिक जाणवते.

नाशिकच्या पांडवलेण्यांत ईश्वरसेन आभीर राजाच्या नवव्या वर्षाचा, तिसऱ्या शतकातील, एक लेख आहे. ज्या आभीरांवरून अहिराणी हे खानदेशच्या बोलीचे नाव पडले असे मानतात, तेच हे आभीर. त्या लेखात विष्णुदत्ता नावाच्या शक स्त्रीने त्रिरश्मी डोंगरावरील आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी गोवर्धन येथील कारागिरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेविल्याचे सांगितले आहे. त्या श्रेणींत 'तिलपिषक', म्हणजे तेल्यांची श्रेणी आहे. दान करणारीने आपला पैसा राजाकडे न ठेवता घाणेवाल्यांकडे ठेवावा, आणि त्याच्या व्याजातून भिक्षूंना औषध मिळत राहील असा तिला भरवसा वाटावा, ही गोष्ट त्या श्रेणीच्या पतीची केवढी मोठी साक्ष आहे! उत्तरेत बुलंदशहराकडील इंदोर येथे स्कंदगुप्ताच्या काळचा, इ. स. ४६५ चा, ताम्रपट मिळाला. त्यात देवविष्णु नावाच्या ब्राह्मणाने सूर्यमंदिरातील दिव्यासाठी तेल्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेविली आहे. श्रेणीचा प्रमुख जीवंत याचे नाव त्यात आहे. आणि श्रेणी गाव सोडून गेली तरी जोपर्यंत ती एकजूट आहे तोपर्यंत रोज दोन पळे तेल देण्याची जबाबदारी तिची, असे म्हटले आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील विक्रम संवत् ९३३ च्या लेखात तेल्यांच्या महत्तरांची नावे ओळीने दिली असून प्रत्येक घाण्यामागे दर महिन्यास एक पळी तेल देण्याचे त्यांनी स्वतः मान्य केले आहे. हाच तो लेख, ज्यात २७० आणि ५० या आकड्यांत शून्याचे चिन्ह स्पष्ट कोरलेले असल्यामुळे गणिताच्या इतिहासात त्याचे नाव झाले. शून्य पाहण्यासाठी जगभरचे विद्वान तेथे जातात. त्याच दगडावर तेल्यांची नावेही आहेत, याकडे थोड्यांचेच लक्ष जाते.

म्हणजे तिसऱ्या व पाचव्या शतकांत तेली हा ठेव सांभाळणारा विश्वस्त आहे. नवव्या शतकात तो नावानिशी दाता आहे. आणि तेराव्या शतकात पाटण येथे त्याचा घाणा मोजला जातो, पण तो स्वतः दिसत नाही. चार लेखांच्या बळावर हजार वर्षांच्या समाजस्थितीचा सिद्धांत बांधणे धाडसाचे होईल, हे आम्ही जाणतो. हे लेख एका जातीचे नाहीत. काही ठेवीचे, काही देणगीचे, पाटणचा राजहक्काच्या हस्तांतरणाचा. पाटणच्या 'नगरा'त एखादा तेली शेटही बसत असेल. तथापि दुसऱ्या एका गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात, ब्राह्मणाने कोणाचे दान घेऊ नये हे सांगताना, तेल्याचे चक्र दहा कत्तलखान्यांच्या बरोबरीचे ठरविले आहे. शास्त्राचा असा कटाक्ष असताना शास्त्राच्याच मठात दर घाण्यामागे पळीभर तेल येत होते. तेल्याने हातात दिले तर ते निषिद्ध दान. राजाने कर म्हणून बसविले आणि मठाकडे वळविले तर ते शुद्ध उत्पन्न! तेल तेच, घाणा तोच, बैलही तोच. मधून देणाऱ्याचे नाव वगळले एवढाच फरक. ही युक्ती कोणी मुद्दाम केली असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या व्यवस्थेत देणाऱ्याची वस्तू चालते आणि देणारा चालत नाही, त्या व्यवस्थेत लेखातून नाव गळावे यात आश्चर्य ते काय?

याचा उलटा न्याय महाराष्ट्राने पुढे पाहिला. पाटणच्या लेखानंतर चारशेहून अधिक वर्षांनी चाकणचे संताजी जगनाडे हे तेली तुकोबांचे टाळकरी आणि लेखक झाले. ज्यांच्या घाण्याची गणना दुसऱ्यांनी करावी, त्यांच्यातील एकाने अभंग लिहून ठेवण्यासाठी स्वतः लेखणी धरली, आणि त्यांच्या वह्या मराठी वाङ्मयाचे धन झाल्या. विद्येला तेल पुरविणारा आणि विद्या जतन करणारा, ही दोन्ही नाती एकाच माणसाच्या ठायी एकवटली.

पाटणचा मठ आज उरलेला नाही. अमुक भिंत मठाची असे निश्चयाने म्हणता येईल अशी वास्तू तेथे नाही. त्याची सारी हकीकत त्या एका शिळेवर आहे. घाण्याची गोष्ट त्याहूनही वाईट. विसाव्या शतकात तेलाच्या गिरण्या निघाल्या; खानदेशात भुईमूग आणि सरकी यांचे पीक मोठे, तेव्हा गिरण्यांनी येथे चांगलाच जम बसविला; आणि बैलाचा घाणा एकेक करून थांबला. १९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, तेथे झवेरभाई पटेल यांनी घाण्यात सुधारणा करून तो पुन्हा चालता करण्याचा नेटाने यत्न केला. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर या खेड्यात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले व त्याबरोबर ग्रामोद्योगांचे प्रदर्शन झाले, तेही याच विचाराचे फळ होते. पण यंत्राच्या वेगापुढे बैलाची चाल टिकणे शक्य नव्हते. आज 'लाकडी घाण्याचे तेल' म्हणून शहरात जे चढ्या भावाने विकले जाते, त्यातील लाट बहुधा विजेवर फिरते.

गेलेला धंदा परत आणा, असे आम्ही सांगत नाही. ज्या माणसास आणि बैलास दिवसभर त्याच फेऱ्यात फिरावे लागे, त्यांची सुटका झाली याचे दुःख करण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे इतकेच की, कफर्णहूमच्या लोकांनी प्रार्थनामंदिराच्या शेजारी घाणा जपून ठेविला, तसे आपणही करावे. गावोगावच्या दगडी उखळ्यांची यादी झाली पाहिजे. त्यांतील चुन्याच्या घाण्याचे कुंड कोणते आणि तेलाच्या घाण्याची उखळी कोणती, हे निवडून, खोली, रुंदी, दगडाची जात व जागा यांसह ती नोंदविली पाहिजे. घाण्याच्या एकेका अवयवाची नावे अहिराणीत निराळी, वऱ्हाडात निराळी आणि कोकणात निराळी. ही नावे ज्यांच्या तोंडी आहेत अशी वृद्ध माणसे आता थोडी उरली आहेत, आणि ती गेली की, शब्दही गेले. वि. का. राजवाडे यांनी घरोघरची दप्तरे धुंडाळून इतिहासाची साधने गोळा केली. १९२६ साली ते धुळ्यास वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरात उभे राहिले. ज्या खानदेशाने कागदाच्या चिटोऱ्यासही इतिहासाचे साधन मानण्याचा धडा घेतला, त्याला उखळीचा दगड जड वाटू नये.

पाटणच्या शिळेने आपणांस भास्कराचार्यांचे कुळ सांगितले, त्याबद्दल आपण तिचे ऋणी आहोत. पण त्याच शिळेने, मराठी भाषेत आणि अगदी हिशेबी शब्दांत, हेही सांगून ठेविले आहे की, त्या कुळाची विद्या सुपारी घेणाऱ्या ग्राहकावर, माप धरणाऱ्या मापाऱ्यावर आणि घाणा हाकणाऱ्या तेल्यावर उभी होती. पहिली ओळ आपण शाळेतल्या मुलांस अभिमानाने शिकवितो. यापुढे दुसरीही शिकवावी.